आदरांजलीच्या अल्बमवर त्याच कलावंताचे नाव छापता येईल का?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र देसाईगंज (वडसा) परिसरातील एका खेड्यात राहतो आणि हंगामात पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांना गिटार, ऑर्गन व तालवाद्यांची साथ करतो. अमेरिकी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हे आमचे दैवत आहे. त्यांनी गाजवलेल्या आठ गाण्यांचा अल्बम काढून त्यांना आदरांजली वाहावी, अशी आमची इच्छा आहे. दोन गाण्यांना आम्ही झाडीबोलीत शब्द लिहिले आहेत, एका गाण्याच्या आरंभी मूळ ध्वनिमुद्रणातील गिटारचा छोटा तुकडा ठेवायचा आहे आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव व छायाचित्र असेल. दिवाळीनंतरच्या मंडयांमध्ये (गावोगावच्या जत्रांमध्ये) पाचशे पेनड्राइव्ह खर्चापुरत्या किमतीत देऊ, नंतर अल्बम यूट्यूबवर टाकू. नफा घेणार नाही. तरीही परवानगी लागेल का?

उत्तर : होय, लागेल, आणि आपण सांगितलेल्या स्वरूपात हा अल्बम परवानगीशिवाय काढू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. नफा न घेण्याने परवानगीची गरज संपत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला मुभा आहे, परंतु मंडईत पाचशे प्रती देणे हा खासगी वापर ठरत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते, एवढाच नफा न घेण्याचा उपयोग. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रथम गाण्यांची यादी करून प्रत्येक गाणे मुळात कोणाचे, हे तपासावे. हेंड्रिक्स यांचे निधन १८ सप्टेंबर १९७० रोजी झाले. आपल्याकडे रचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणून त्यांच्या एकट्याच्या रचना भारतात ३१ डिसेंबर २०३० पर्यंत संरक्षित आहेत. परदेशी रचना म्हणून त्या मोकळ्या आहेत, असे समजू नये. बर्न करारामुळे, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, त्यांना येथेही संरक्षण मिळते. मात्र त्यांनी गाजवलेले प्रत्येक गाणे त्यांचे नव्हते. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे गाणे त्यांनी १९६८ मध्ये आपल्या अल्बममध्ये आणले, परंतु ते बॉब डिलन यांचे आहे, आणि डिलन यांच्या गीतरचनांचे हक्क २०२० मध्ये युनिव्हर्सल म्युझिक पब्लिशिंगने विकत घेतले. असे गाणे आपल्या यादीत असेल तर हेंड्रिक्स यांच्या वारसांची परवानगी त्यासाठी उपयोगाची नाही.

अनेक हौशी कलावंत कलम ३१-सी वर विसंबतात. मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे उलटली असतील, तर मालकाची संमती न घेताही, आगाऊ नोटीस आणि आगाऊ रॉयल्टी देऊन, कव्हर व्हर्जन, म्हणजे तेच गाणे नव्याने गाऊन-वाजवून केलेले ध्वनिमुद्रण, करण्याची मुभा हे कलम देते. परंतु याच कलमानुसार अशा ध्वनिमुद्रणाच्या आवरणावर पूर्वीच्या ध्वनिमुद्रणातील कोणत्याही कलावंताचे नाव देता येत नाही आणि त्याचे कोणत्याही प्रकारे चित्रणही करता येत नाही. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याचेच नाव मुखपृष्ठावरून काढावे लागेल, म्हणून आपल्या हेतूला हा मार्ग मुळातच जुळत नाही. शिवाय प्रत्येक रचनेमागे दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, मग आपण प्रती पाचशेच काढल्या तरी. माध्यमही मागील ध्वनिमुद्रणाचेच असावे लागते, त्यामुळे पेनड्राइव्ह आणि यूट्यूबसाठी या कलमाचा आधार धरू नये.

म्हणून आपला मार्ग हक्कधारकाशी थेट करार करण्याचा आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, ही गीत-संगीताच्या हक्कांसाठीची नोंदणीकृत संस्था मुंबईत आहे. गाण्यांची यादी, प्रतींची संख्या, माध्यम आणि किंमत कळवून कोणते हक्क तिच्याकडे आहेत व कोणत्या गाण्यासाठी प्रकाशकालाच लिहावे लागेल, हे तिला लेखी विचारावे. हेंड्रिक्स यांच्या संगीताचा वारसा सांभाळणारी ‘एक्सपीरियन्स हेंड्रिक्स’ ही कंपनी त्यांच्या वडिलांनी १९९५ मध्ये स्थापन केली. नाव आणि छायाचित्र वापरण्याबाबतचे पत्र तिला पाठवावे. छायाचित्रावर छायाचित्रकाराचा किंवा त्याच्याकडून हक्क घेणाऱ्याचा वेगळा हक्क असू शकतो, आणि त्यावरून हुबेहूब चित्र काढून घेतल्याने तो हक्क टळत नाही. परवाना लेखीच हवा. फोनवरील होकारावर विसंबू नये.

झाडीबोलीतील शब्दांबद्दल मला मनापासून वाटते की हा आपल्या अल्बमचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल. तरीही आपले शब्द मूळ गीताचा अनुवाद असतील तर अनुवादाची, आणि अर्थ निराळा असला तरी मूळ चालीवर बसवलेले असतील तर त्या चालीच्या अशा वापराची, स्पष्ट परवानगी करारात आली पाहिजे. मूळ ध्वनिमुद्रणातील तुकडा मात्र वगळावा. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची स्वतंत्र परवानगी लागते, आणि अमुक सेकंदांपर्यंत चालते असा जो समज आहे त्याला कायद्यात कोठेही आधार नाही. तो तुकडा आपण स्वतः वाजवावा.

परवान्यांचा खर्च झेपणारा नसेल, तर याहून चांगला पर्याय मला दिसतो. कायदा रचनेला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात मांडला. विकृत केलेला गिटारचा आवाज, फीडबॅक (ध्वनिवर्धकातून घुमणारा आवाज), वा-वा पेडल (गिटारचा आवाज बदलणारे पायाचे उपकरण) यांवर कोणाचाही मालकीहक्क नाही. सहा-सात स्वतःच्या रचना त्या शैलीत, झाडीबोलीत आणि दंडार या लोकनाट्याच्या तालावर बांधाव्यात, आतील पानावर त्या हेंड्रिक्स यांना अर्पण कराव्यात आणि हा चाहत्यांचा अल्बम असून त्यांच्या वारसांशी त्याचा संबंध नाही, असे स्पष्ट छापावे. त्यांचे एखादेच गाणे परवाना घेऊन समाविष्ट केले तरी पुरे.

यूट्यूबवर हक्कधारकाने दावा केला तर उत्पन्न त्याच्याकडे वळते किंवा ध्वनिफीत रोखली जाते. दावा करूनही त्याने ती राहू दिली, तरी पेनड्राइव्हसाठी तो परवाना ठरत नाही. मंडईच्या रंगमंचावर हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर ही गाणी वाजवण्यास कलम ५२ ची सूट आहे, परंतु तिकीट लावलेल्या नाटकात आपण मानधन घेऊन वाजवत असाल तर ती मिळणार नाही.

कलम ५२-ए प्रमाणे ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या आवरणावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापावे लागते. निर्माता कोण, खर्च कोणाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क चौघांत कसा वाटायचा, हेही आधी लिहून सह्या करून ठेवावे. परदेशातून उत्तर यायला वेळ लागू शकतो, म्हणून पत्रे आताच पाठवावीत आणि लेखी परवाने हाती येईपर्यंत मुखपृष्ठाची छपाई व पेनड्राइव्हची ऑर्डर थांबवून ठेवावी.