ड्रायर दुरुस्त करावा की नवा घ्यावा? सदाशिवगडच्या एका घराचा हिशेब

प्रश्न: कारवारजवळ सदाशिवगडला आमचं घर आहे, समुद्र अगदी जवळ. 2019 मध्ये 28,000 रुपयांना घेतलेला 7 किलोचा व्हेंटेड (ओलसर गरम हवा पाइपने बाहेर टाकणारा) ड्रायर पश्चिमेच्या गॅलरीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो कर्कश आवाज करायचा आणि कपडे ओलसरच निघायचे. आता तर गरमच होत नाही. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे पावसात रोज एक फेरी लागतेच. मेकॅनिकने हीटर 3,800, बेल्ट आणि रोलर 2,600, कंट्रोल बोर्ड ('पुढे जाईल म्हणून' आत्ताच बदलायचा) 4,500 आणि मजुरी 900, असे 11,800 रुपये सांगितले. दुकानदार म्हणतो, हीट पंप ड्रायरच (हीटरऐवजी फ्रिजसारख्या गॅसच्या यंत्रणेने हवा तापवणारा) घ्या: 64,000 रुपये, 18 महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, रोख दिले तर 60,500. बेळगावात टिळकवाडीला राहणारा भाऊ त्याचा तीन वर्षं वापरलेला कंडेन्सर ड्रायर (वाफेचं पाणी करून टाकीत साठवणारा) 15,000 ला द्यायला तयार आहे. यजमानांचा पगार हातात 46,000, गृहकर्जाचा हप्ता 13,000. बेळगावच्या एका पतसंस्थेत 70,000 ची ठेव आहे, ती मोडू का?

उत्तर: ताई, ठेव मोडू नका आणि ईएमआयही घेऊ नका. आधी मशीनचं पाठचं पॅनेल उघडून घ्या. आत काय दिसतं त्यावर निर्णय ठरेल. माझा अंदाज असा की 11,800 पैकी निम्म्याहून जास्त खर्चाची गरजच नाही, आणि ज्या खर्चाची खरी गरज आहे तो मेकॅनिकच्या यादीत आलेलाच नाही.

तुम्ही लिहिलेला क्रम पाहा. आधी कपडे ओले राहायला लागले, मग काही महिन्यांनी गरम होणं बंद झालं. हीटर जळला असता तर पहिल्याच दिवशी उष्णता गेली असती. आधी वाळणं मंदावतं आणि नंतर उष्णता जाते, तेव्हा बहुतेक वेळा हवेची वाट तुंबलेली असते. गरम हवा बाहेर पडत नाही, हीटरभोवतीचं तापमान चढतं आणि थर्मल फ्यूज उडतो. हा फ्यूज एकदाच कामाला येतो, उडाला की बदलावाच लागतो. किंमत शे-दोनशे रुपयांच्या आसपास. पण डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाइप, साफ न करता नुसता फ्यूज घातला, तर पुढच्या आठवड्यात तोही उडेल.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. प्लग काढायचा, हीटरच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2000 वॅटच्या हीटरचा रोध 26 ओहमच्या आसपास दिसतो. तेवढा दिसला तर हीटर चांगला आहे. काहीच आकडा आला नाही तर तार तुटली आहे. हीटरचं टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यात मात्र जोडणी दिसता कामा नये. ती दिसली तर शॉकचा धोका आहे, हीटर बदलायचाच. मग फ्यूज आणि थर्मोस्टॅट (तापमान आवाक्यात ठेवणारा स्विच) तपासायचे. मेकॅनिकला हे तुमच्यासमोर करायला सांगा. आकडा दाखवल्याशिवाय 3,800 चा हीटर मान्य करू नका.

कंट्रोल बोर्ड 'पुढे जाईल म्हणून' आत्ताच बदलण्यात अर्थ नाही. गॅलरीतली हवा तीच राहिली तर नव्या बोर्डाचेही तेच हाल होणार. त्यापेक्षा बोर्डाच्या आणि हीटरच्या कनेक्टरांकडे नीट पाहायला सांगा. तांब्यावर हिरवट थर चढला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतो. हीटरच्या वायरीचा लग (टोकाचा धातूचा जोड) काळा पडला असेल तर तो कापून नवा क्रिम्प करावा, म्हणजे दाबून बसवावा. काळ्या लगमधून करंट जाताना तिथेच उष्णता तयार होते आणि एक दिवस वायर जळते. तिथे उष्णता सोसणारी, फायबरग्लासचं आवरण असलेली वायरच हवी, साधी पीव्हीसी वायर चालत नाही.

समुद्राकाठी असं का होतं, ते समजून घेतलं तर पैसे नेमके कुठे घालायचे ते कळतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरते ती याचमुळे. कारवारला जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. म्हणजे कनेक्टरवर, स्क्रूवर, ड्रमच्या सांध्यावर बसलेलं मीठ महिनोन्‌महिने ओलं राहतं आणि धातू खात राहतं. बेळगावात पाऊस भरपूर, ओलही भरपूर, पण हवेत मीठ नाही. म्हणून भावाचं मशीन तीन वर्षांनीही आतून स्वच्छ असण्याची शक्यता मोठी. शिवाय व्हेंटेड ड्रायर आजूबाजूची हवा सतत ओढून हीटरवरून नेतो. पश्चिमेच्या गॅलरीत तो दर फेरीला समुद्राची खारी हवाच आत घेत असणार.

म्हणून दुरुस्तीत पहिला खर्च डक्टचा. मागे चेपलेला फॉइलचा लवचिक पाइप असेल तर तो काढून गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचा 100 मिलिमीटरचा पाइप बसवा, शक्य तितका आखूड आणि कमीत कमी वळणांचा. जोडाला आत टोक येणारे स्क्रू नकोत, त्यांना कपड्यांचा लिंट (सुटलेले बारीक तंतू) अडकतो आणि दमट हवेत त्याचा नमदा होतो. बाहेरच्या तोंडाचं झाकण गंजून अर्धवट अडकलं असेल. ते 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं घ्या. 304 स्वस्त पडतं, पण समुद्राकाठी त्यावर तांबूस डाग पडतात. झाकणावर बारीक जाळी लावू नका, आठवड्याभरात ती बुजते. आणि डक्टचं तोंड पश्चिमेला ठेवू नका. नैर्ऋत्येचा वारा आणि खारा पाऊस सरळ आत शिरतो. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीतून काढता आलं तर उत्तम. मशीनही गॅलरीतून आतल्या खोलीत न्या, 16 अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग असलेल्या जागी.

कर्कश आवाज रोलरचा असावा, त्याचा दांडा गंजून सुका पडतो. बेल्ट, रोलर आणि बेल्ट ताणणारी पुली एकाच वेळी बदला, कारण तिन्हींसाठी मशीन तेवढंच उघडावं लागतं आणि मजुरी एकदाच पडते. हा 2,600 चा खर्च योग्य आहे.

म्हणजे फ्यूज-थर्मोस्टॅट 600, बेल्ट-रोलर 2,600, डक्ट आणि झाकण अंदाजे 2,800, मजुरी 900. एकूण 6,900. हीटर खरंच तुटलेला निघाला तर 10,700.

आता विजेकडे या, कारण दुकानदाराचा सगळा भर तिथेच आहे. हीट पंप ड्रायर निम्म्याच्या आसपास वीज घेतो, हे खरं. पण तुमचं बिल गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत आहे, त्यामुळे गणित वेगळं होतं. 2023 पासून लागू असलेल्या या योजनेत 2022-23 ची मासिक सरासरी आणि वर 10 टक्के इतकी युनिटं मोफत, कमाल 200. त्या हक्कापेक्षा जास्त पण 200 च्या आत वापर झाला तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले की मात्र पूर्ण बिल. तुम्ही पाठवलेल्या हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलानुसार तुमचा हक्क 140 युनिटांचा आणि जुलैचा वापर 214. फक्त 14 युनिटांनी पूर्ण बिल अंगावर आलं. स्थिर आकार आणि कर धरून युनिटला ढोबळ 7 रुपये मोजले तर ते 1,498 होतात.

त्या 214 पैकी घराचा बाकी वापर 106, उरलेली 108 युनिटं ड्रायरच्या 30 फेऱ्यांची, म्हणजे फेरीला 3.6. डक्ट मोकळा झाला आणि वॉशिंग मशीनचा स्पिन वाढवला की हे 2.7 पर्यंत येईल. स्पिनला हलकं समजू नका. 5 किलो सुक्या कपड्यांत मिनिटाला 800 फेऱ्यांच्या स्पिननंतर साधारण साडेतीन लिटर पाणी राहतं, 1400 नंतर अडीच. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान 0.63 युनिट लागतं, प्रत्यक्षात व्हेंटेड ड्रायर एकाच्या आसपास घेतो. म्हणजे बटण फिरवल्याने फेरीमागे जवळजवळ एक युनिट वाचतं, खर्च काही नाही.

मग पावसाळी महिना असा दिसेल: 106 अधिक 81, म्हणजे 187 युनिटं. हक्कावरची 47, त्यांचे 329 रुपये. आत्ताच्या 1,498 च्या तुलनेत महिन्याला 1,169 वाचले, चार महिन्यांत साडेचार हजारांच्या वर. 6,900 ची दुरुस्ती दीड पावसाळ्यात वसूल होते.

हीट पंपने फेरीला दीड युनिट लागलं तर महिना 151 युनिटांचा, वरची 11, म्हणजे 77 रुपये. दुरुस्त ड्रायरपेक्षा महिन्याला 252 रुपये कमी, चार महिन्यांत साधारण 1,000. उरलेले आठ महिने आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर दोन्ही मशीनवर तुम्ही 140 च्या आतच राहता, बिल शून्य. वर्षाला 1,000 वाचवायला 64,000 घालायचे, हे मला कुठल्याच अंगाने पटत नाही. उद्या योजना बंद झाली तरी वाचणारा आकडा वर्षाला दीड हजारांच्या आसपासच जातो.

हीट पंपचा एक गुण मात्र खरा आहे. त्यात ड्रमची हवा आतल्या आत फिरते, बाहेरची खारी हवा ओढली जात नाही. पण आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांना आणि तांब्याच्या नळ्यांना मीठ लागून गळती झाली, तर गॅसचं काम महाग असतं. घ्यायचा असेल तेव्हा दोन गोष्टी विचारा: कारवारात येऊन गॅसचं काम करणारा माणूस आहे का, आणि वॉरंटी कार्डात गंज वगळला आहे का.

नो कॉस्ट ईएमआयचा खर्च तुमच्याच पत्रात आहे. रोखीची 3,500 ची सूट जाते. क्रेडिट कार्डावर घेतलं तर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी वेगळा. महिन्याला 3,556 चा हप्ता आणि गृहकर्जाचे 13,000 मिळून पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बांधला जाईल. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना हा ताण नको.

पॅनेल उघडल्यावर ड्रमच्या सांध्याला किंवा तळाच्या पत्र्याला आरपार भोकं दिसली, बोट लावताच पत्रा सुटत असेल, तर या मशीनवर एक रुपयाही घालू नका. अशा वेळी भावाचा ड्रायर घ्या. कंडेन्सर ड्रायर वीज व्हेंटेडइतकीच घेतो, पण त्याला डक्ट लागत नाही. त्याचा कंडेन्सर महिन्यातून एकदा नळाखाली धुवावा लागतो आणि पाण्याची टाकी दर फेरीला रिकामी करावी लागते. उष्णता खोलीतच राहते, म्हणून पूर्वेची खिडकी उघडी ठेवा. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून झिंक प्रायमर आणि इनॅमल मारलं की पुरे.

दुरुस्तीनंतर लिंट फिल्टर दर फेरीला साफ करा आणि महिन्यातून एकदा साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनरचा न दिसणारा थर जाळीवर बसतो. नळाचं पाणी जाळीतून सरळ खाली गेलं पाहिजे. पावसाळ्यात दर दोन महिन्यांनी डक्ट आतून ब्रशने साफ करा, आणि मेमध्ये पाठचं पॅनेल काढून आतला लिंट व्हॅक्यूमने ओढून घ्या.

सासूबाईंच्या चादरींबद्दल आवर्जून सांगतो. मालिशचं तेल लागलेला कपडा गरम पाण्यात डिटर्जंटने नीट धुतल्याशिवाय ड्रायरमध्ये घालू नका. तेलकट कापड गरम अवस्थेत गठ्ठ्याने पडलं तर आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतं. शेवटची दहा मिनिटं थंड हवेची फेरी होऊ द्या आणि कपडे लगेच बाहेर काढून पसरा. अंथरुणाखालचं रबरी कापड आणि फोमची उशी ड्रायरमध्ये कधीच नको.

राहिली ठेव. 70,000 ही तुमच्या घरची आजारपणाची तरतूद आहे, ती ड्रायरसाठी नाही. पण ती पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसह, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या किंवा सौहार्द सहकारी संस्थेच्या ठेवीला ते नाही. मुदत संपली की ती बँकेत हलवा. त्याच बँकेत महिना 1,500 ची तीन वर्षांची आवर्ती ठेव सुरू करा. साडेसहा टक्के व्याज धरलं तर 59 हजारांच्या वर जमतील. तोवर हा ड्रायर चालला तर ठीक, नाही चालला तर नवा रोखीने घ्याल.

मेकॅनिकला मात्र पाऊस सुरू होण्याआधी बोलवा. जूनमध्ये भिंतीला डक्टसाठी भोक पाडायला कोणी मिळणार नाही.