शाळा सुटताना मास्क लावावा का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा घोडबंदर रस्त्यालगतच्या एका शाळेत सिनियर केजीत शिकतो आणि दुपारी त्याला घ्यायला मीच जाते. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर पालक, आजी-आजोबा आणि व्हॅनचालक यांची मोठी गर्दी असते. वर्गात सर्दी-तापाची मुले वाढल्यामुळे शाळेने अलीकडेच ‘मुलांना न्यायला येणाऱ्या सर्व पालकांनी मास्क लावावा’ अशी सूचना पाठवली आणि त्यावरून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन तट पडले आहेत. माझ्या सासूबाईंची केमोथेरपी सुरू असल्याने मी मास्क लावते, तर ‘तुम्ही अजून 2020 मध्येच आहात का?’ असे ऐकावे लागते. उघड्यावर मास्कचा खरोखर उपयोग होतो का? आणि शाळेने अशी सूचना करणे योग्य आहे का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्टपणे देतो. ज्याला सर्दी, खोकला, ताप यांपैकी काही नाही आणि ज्याच्या घरी कोणी नाजूक प्रकृतीचे नाही, अशा पालकाने मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटे उभे राहण्यासाठी मास्क लावण्याची गरज नाही. ज्याला खोकला किंवा सर्दी आहे, त्याने मात्र तो लावलाच पाहिजे आणि शक्य असेल तर त्या दिवशी मुलाला आणायला दुसऱ्या कोणाला पाठवावे. आपण स्वतः तिसऱ्या गटात मोडता. ज्यांच्या घरी केमोथेरपी सुरू असलेले माणूस आहे, त्यांनी गर्दीत मास्क लावणे हा पूर्णपणे समंजस निर्णय आहे आणि त्याचा खुलासा आपण कोणालाही देणे लागत नाही.

मोकळ्या हवेत धोका कमी का असतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. श्वसनमार्गाचे विषाणू शिंकेच्या मोठ्या थेंबांतून जसे पसरतात, तसेच बोलताना आणि नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांतून पसरतात. बंद देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास तासभर रेंगाळतो आणि तीच उदबत्ती गच्चीवर लावली तर चार पावलांवर जाणवत नाही. या तुषारांचेही तसेच होते. कोविडच्या प्रसाराविषयी तोवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या संसर्गांपैकी उघड्यावर झालेले संसर्ग 10 टक्क्यांहून कमी होते आणि बंद जागेत लागण होण्याची शक्यता उघड्यापेक्षा सुमारे 18 पटींनी अधिक आढळली. हे आकडे कोविडच्या सुरुवातीच्या काळातील आहेत, त्यामुळे ते प्रत्येक आजाराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु हवा खेळती असली की धोका झपाट्याने उतरतो, हे सूत्र इन्फ्लुएन्झालाही लागू आहे.

तरीही ‘उघड्यावर’ या शब्दाने फसू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. शाळेचे फाटक उन्हाळ्यात उघड्यावर असते, पण जुलै महिन्यात, पाऊस कोसळत असताना, तेच पालक एका पत्र्याच्या शेडखाली किंवा शेजारच्या इमारतीच्या पोर्चमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असतात, छत्र्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि आवाज ऐकू यावा म्हणून प्रत्येक जण समोरच्याच्या तोंडाजवळ जाऊन मोठ्याने बोलत असतो. आपल्याकडे इन्फ्लुएन्झाची एक लाट नेमकी पावसाळ्यात येते आणि दुसरी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. 2023 च्या सुरुवातीला एच3एन2 या प्रकाराने देशभर खोकल्याचे रुग्ण वाढवले होते, ते अनेकांच्या स्मरणात असेल. म्हणून नियम ठरवायचाच असेल तर तो ‘आत की बाहेर’ यापेक्षा ‘किती जवळ, किती वेळ आणि वारा आहे की नाही’ या तीन गोष्टींवर ठरवावा. पावसात शेडखाली थांबावे लागणार असेल तर निरोगी पालकानेही मास्क लावावा, असे मी म्हणेन. मोकळ्या दिवशी मात्र फाटकापासून जरा दूर उभे राहिले तरी पुरते.

आता आपल्या घराविषयी, कारण मला या पत्रात खरी काळजी त्याची वाटते. फाटकाबाहेरची आपली पाच मिनिटे हा धोक्याचा फार लहान भाग आहे. आपला मुलगा तीस-चाळीस मुलांसोबत चार तास एका खोलीत बसतो, एकाच बाकावर डबा खातो आणि मग घरी येऊन आजीच्या मांडीवर बसतो. आईने मास्क लावला म्हणून हा मार्ग बंद होत नाही. मुलाला आल्याबरोबर हातपाय आणि चेहरा साबणाने धुण्याची सवय लावावी, शाळेचा गणवेश बदलावा आणि त्याला सर्दी-खोकला झाला असेल तर ते चार-पाच दिवस त्याची आणि आजीची झोपण्या-जेवणाची जागा वेगळी ठेवावी. मुलाला हे शिक्षेसारखे वाटू नये यासाठी दारातून गप्पा आणि दुरून गोष्टी चालू ठेवाव्यात. घरातील ज्या मोठ्या माणसाला सर्दी झाली असेल, त्याने घरातच मास्क लावावा; मास्कचा सर्वांत जास्त उपयोग तेथे आहे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरातील इतरांनी इन्फ्लुएन्झाची वार्षिक लस घेण्याविषयी, तसेच सासूबाईंना कोणती लस केव्हा द्यावी याविषयी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.

आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकाला माहीत असायला हवी. केमोथेरपीच्या मात्रेनंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. उपचारांच्या या काळात केव्हाही ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक आला, तर ‘सकाळी बघू’ म्हणून थांबू नये आणि पॅरासिटामॉल देऊन ताप दाबून ठेवू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी उपचार सुरू असलेल्या रुग्णालयात फोन करून लगेच जावे. असा ताप हा तातडीचा प्रसंग मानला जातो.

आपण जो मास्क लावाल, तो चेहऱ्याला नीट बसणारा असावा. कापडी मास्क किंवा सैल सर्जिकल मास्क खोकणाऱ्याने लावला तर समोरच्यांना बऱ्यापैकी उपयोग होतो. स्वतःच्या संरक्षणासाठी मात्र एन95 किंवा भारतीय मानक आयएस 9473 प्रमाणे एफएफपी2 दर्जाचा मास्क घ्यावा, त्यात झडप नसावी, नाकावरची पट्टी दाबून बसवावी आणि श्वास सोडताना कडेने हवा निसटून चष्म्यावर वाफ धरत नाही ना, ते पाहावे. हनुवटीवर लोंबणारा मास्क लावण्यापेक्षा न लावलेला बरा, कारण तो लावल्याचे खोटे समाधान देतो.

शाळेच्या सूचनेविषयी माझे मत संमिश्र आहे. महाराष्ट्रात कोविडचे सर्व निर्बंध 2022 च्या गुढीपाडव्यापासून उठवण्यात आले आणि मास्क ऐच्छिक झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 5 मे 2023 रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तेव्हा शाळेची सूचना ही विनंती आहे, असे समजावे. विनंतीचा हेतू चांगला आहे, पण नेम चुकला आहे. वर्गात लागण वाढली असेल तर आधी वर्गाच्या खिडक्या उघडाव्यात, आजारी मुलाला औषधाशिवाय निदान 24 तास ताप नसेपर्यंत घरी ठेवण्यास पालकांना सांगावे आणि त्यासाठी उपस्थितीचे बक्षीस वगैरे प्रकार बंद करावेत, कारण ‘शंभर टक्के हजेरी’च्या हौसेपायी तापातली मुले शाळेत येतात. बालवर्ग आणि पहिलीची सुटण्याची वेळ दहा मिनिटांनी पुढेमागे केली तर फाटकावरची गर्दी आपोआप अर्धी होते. स्कूल व्हॅनमध्ये पंधरा मुले काचा लावून बसतात, तिकडे तर कोणाचेच लक्ष नसते. खरे तर मास्कपेक्षा व्हॅनची काच चार बोटे खाली करण्याची सूचना अधिक मोलाची ठरेल.

याच ओघात गोवराचाही उल्लेख करायला हवा. 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली होती आणि आपल्या जिल्ह्यातील भिवंडीतही रुग्ण सापडले होते. गोवराचा विषाणू बंद जागेतील हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, त्यामुळे अशा वेळी पालकांच्या मास्कवर विसंबून चालत नाही. मुलाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस मिळाली आहे का, हे लसीकरण कार्डावर पाहावे.

फाटकावरची एक व्यावहारिक अडचणही सांगतो. लहान मुलांच्या शाळांत मावशी पालकाचा चेहरा आणि पिक-अप कार्डावरचा फोटो जुळवूनच मुलाचा हात सोडतात आणि हा नियम मुळीच सैल होता कामा नये. म्हणून मास्क लावणाऱ्या पालकाने आपली पाळी आली की दोन पावले मागे राहून क्षणभर मास्क खाली करावा, ओळख पटवून द्यावी आणि मग मुलाला जवळ घ्यावे. ओळख पटवण्यासाठी तो काढण्यास सांगणाऱ्या मावशींवर कोणी चिडू नये.

टोमणे मारणाऱ्यांना आपण काही उत्तर देऊ नये, असे मी सुचवणार नाही. ‘घरी केमो सुरू आहे’ एवढे एकच वाक्य गटात लिहिले तर बहुतेकांची जीभ आवरते, असा माझा अनुभव आहे. पण ते लिहायचे की नाही, हे सासूबाईंना विचारून ठरवावे, कारण आजार त्यांचा आहे. उलट बाजूने, जे मास्क लावत नाहीत त्यांना बेजबाबदार ठरवण्याचीही घाई करू नये.

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो आणि चार वर्षांच्या नातवाला शाळेतून आणतो. शाळेसमोर इमारतीचे बांधकाम चालू आहे आणि गाड्या चालू ठेवून पालक थांबतात. मला दमा आहे. मी आणि नातवाने मास्क लावावा का?
– एक आजोबा, नवी मुंबई

उत्तर : आजोबा, आपल्या बाबतीत प्रश्न विषाणूंचा कमी आणि धुळीचा जास्त आहे, म्हणून उत्तरही वेगळे आहे. सर्जिकल मास्कच्या कडेने बारीक कण आत जातात, त्यामुळे धुळीपासून संरक्षण हवे असेल तर एन95 च लागतो. मात्र तो इंजिनांतून निघणारे नायट्रोजन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड हे वायू अडवत नाही. शिवाय त्यातून श्वास घेताना थोडा जोर लावावा लागतो. आपल्या डॉक्टरांना विचारून आधी घरी बसल्या जागी दहा मिनिटे लावून पाहा. धाप वाढत असेल तर तो आपल्यासाठी नाही.

नातवाला मास्क लावू नका. जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या कोविडविषयक मार्गदर्शक सूचनांतही पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारस नव्हती, आणि एवढ्या लहान चेहऱ्यावर एन95 घट्ट बसतही नाही. त्याच्यासाठी उपाय एकच, तेथे थांबण्याचा वेळ कमी करणे. शाळा सुटल्यावर फाटकापाशी रेंगाळू नका, त्याला गाड्यांच्या धुराड्यांच्या पातळीवर चालवण्याऐवजी रस्त्याच्या आतल्या बाजूने न्या आणि वारा बांधकामाकडून येत असेल तर पलीकडच्या पदपथाने जा.

हिवाळ्यात वारा मंदावतो आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, तेव्हा निघण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर ऐरोली केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहत जा. तो 200 च्या वर असेल तर आपण स्वतः न जाता घरातील दुसऱ्या कोणाला पाठवणे बरे. गाड्या बंद ठेवण्याविषयी एकेका चालकाशी हुज्जत घालण्यापेक्षा शाळेकडून फलक लावून घ्या आणि वॉचमनला तो पाळून घेण्यास सांगा. बांधकामावर हिरवी जाळी आणि पाणी मारण्याची सोय नसेल तर महानगरपालिकेकडे फोटोसह लेखी तक्रार करा. इनहेलर मात्र घरी कपाटात न ठेवता सदऱ्याच्या खिशात असू द्या.