जेरुसलेमबाहेरच्या कोशर लेबनीज हॉटेलात जेवायला जाताना काय बघावं, काय मागवावं?

प्रश्न असा आहे: सहा जण, त्यातले दोघे शाकाहारी, इस्रायलमध्ये नातेवाइकांकडे आले आहेत. जेरुसलेमच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका गावात कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांप्रमाणे केलेलं, लेबनीज जेवण घ्यायचं आहे. काय बघून जावं?

आधी फोन करून एकच गोष्ट विचारा: हॉटेल 'बसारी' आहे की 'हलावी'? बसारी म्हणजे मांसाचं, हलावी म्हणजे दुधाचं. कोशर स्वयंपाकघरात मांस आणि दूध एकत्र येत नाही, भांडी-सुऱ्याही वेगळ्या. निखाऱ्यावरच्या कबाबांसाठी लोक मुद्दाम गाडी काढून जातात ते हॉटेल बसारीच असणार. मग लेबनॉनच्या पानातला दुधाचा भाग तिथे नसतो: लबने (घट्ट दही), हलूमी (खारट चीज), चीज घातलेला मनाकीश (भाजलेली रोटी), कुनाफे (चीजची मिठाई). ते हवं असेल तर हलावी जागा शोधा. बसारी हॉटेलात दह्याची वाटी मागून वेटरला अडचणीत टाकू नका.

पण बसारी जागेत जेवण उणं पडत नाही, दूध मुळातच न लागणारे पदार्थ मागवायचे. तूम बघा: लसूण, मीठ, लिंबू आणि तेल, एवढंच. लसूण मिठाबरोबर वाटून त्यात थेंबाथेंबाने तेल सोडतात. घाई केली की फुटतं आणि तेल वेगळं पडतं. जमलेलं तूम पांढरंशुभ्र, हलकं असतं, चमच्याने उचललं तर टोक उभं राहतं. पाहुणे त्याला हमखास दही किंवा मेयोनीज समजतात. काही ठिकाणी त्यात अंड्याचा पांढरा भाग घालतात, तेवढं विचारून घ्या.

दह्याची जागा घेते ताहिना, म्हणजे तिळाची पेस्ट. त्यात लिंबू-पाणी घातलं की ती आधी घट्ट गोळा होते, आणखी पाणी घालून फेटली की सैल आणि पांढरी होते. 'सिनिये' नावाच्या पदार्थात खिम्याच्या गोळ्यांवर ही ताहिना ओतून भट्टीत ठेवतात. वरचा थर जरा तांबूस, आत मऊ असेल तर उत्तम. कडेला तेल सुटून ताहिना दाणेदार झाली असेल तर ती जास्त वेळ आचेवर राहिली आहे. मांस-दूध एकत्र न करण्याच्या याच नियमामुळे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) घरांत मटणाच्या रश्श्याला दह्याऐवजी नारळाचं दूध लागतं. ती चव ज्यांना माहीत आहे त्यांनी सिनिये चुकवू नये.

कबाब खाताना वरून मीठ टाकायची घाई नको. रक्त काढण्यासाठी कोशर मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, तासभर मिठात ठेवतात आणि तीनदा धुतात. थोडा खारटपणा आत उरतोच. सोबतचा सुमाक (आंबट तांबडी पूड) लावलेला कांदा आणि लिंबू पुरे.

आता सॅलडचा हिशोब. बसल्याबसल्या दहा-पंधरा छोट्या बशा येतात: हुमुस (वाटलेले काबुली चणे), भाजलेलं वांगं, तळलेला फ्लॉवर, बीट, कोबी, लोणची, गरम पिटा. मुख्य पदार्थ मागवला तर बऱ्याच जागी या बशा पुन्हा भरून देतात. नुसती सॅलड घेतली तर माणशी दर वेगळा लागतो. मेनूत तो आधी बघा. सहा जणांना सुरुवातीला तीन-चार मुख्य पदार्थ भरपूर होतात. पिटा-हुमुसवरच पोट भरतं आणि कबाब थंड होतात, ही नेहमीची चूक. (हुमुसचा तिथे केवढा अभिमान! याच भागातल्या अबू घोष गावात जानेवारी 2010 मध्ये 4,090 किलोचं हुमुस करून विक्रम केला. मे महिन्यात लेबनॉनने 10,452 किलोचं केलं. लेबनॉनचं क्षेत्रफळही तेवढेच चौरस किलोमीटर.)

तबुले (पार्सलीचं सॅलड) आली की बशी किंचित तिरकी करा. तळाशी पाणी साचलं असेल तर ती खूप आधी कालवलेली आहे. चांगल्या तबुलेत पार्सली जास्त आणि दलिया नावापुरता असतो.

शाकाहारी मंडळींनी 'पार्वे' या शब्दाने फसू नये. पार्वे म्हणजे मांस आणि दूध नाही, पण अंडं आणि मासे चालतात. भात आणि मसूरचं सूप अनेकदा चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असतं. तळणीच्या तेलात किब्बेही (दलिया आणि खिम्याचा गोळा) तळला जात असेल. तिन्ही गोष्टी स्वच्छ विचारा. मुजद्दरा मिळाली तर घ्या: मसूर, भात आणि वर काळपट तळलेला कांदा, आपल्या खिचडीची सख्खी बहीणच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं मात्र तिथे फार कठीण आहे.

कोशर पाळणारं कोणी सोबत असेल तर भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचून घ्या. त्यावर हॉटेलचं नाव, पत्ता, बसारी की हलावी आणि मुदत असते. मुदत संपलेला कागद उपयोगाचा नाही. दारावर नुसतं 'कोशर' रंगवलेलं असणंही पुरेसं नाही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो, म्हणून शनिवारी दुपारी हॉटेल सुरू दिसलं तर रब्बीनेटचं (ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेचं) प्रमाणपत्र तिथे नाही असं समजा. प्रमाणपत्रवाली जागा शुक्रवारी दुपारी बंद होते आणि उघडलीच तर शनिवारी रात्री. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, त्यामुळे बरेच जण शनिवारी उघडतच नाहीत. रविवार ते गुरुवार दुपार उत्तम. वल्हांडण (पेसाख) या ज्यू सणाच्या सात दिवसांत पिटा, दलिया, किब्बे काहीच नसतं, त्या आठवड्यात जाऊ नका.

बेसिनजवळ दोन कानांचा तांब्या दिसेल. पाव खाण्याआधीच्या धार्मिक हात धुण्यासाठी तो असतो. तुम्ही साबणाने साधे हात धुतले तरी चालतं, फक्त तिथे उभा असलेला माणूस गप्प असेल तर त्याच्याशी बोलू नका. आशीर्वाद म्हणून पाव तोंडात घालेपर्यंत तो बोलत नाही.

गोडात मलबी (थंड, खिरीसारखं पुडिंग) मागवा. बसारी जागेत ती दुधाऐवजी नारळाच्या किंवा अन्य वनस्पतीजन्य क्रीमची असते. बकलावा तेलातला. कॉफी काळीच. घरचा केक, वड्या, चिवडा मात्र पिशवीतून बाहेर काढू नका. बाहेरचं अन्न टेबलावर आलं तर देखरेख करणारा 'मशगियाख' लगेच हरकत घेतो. बाळाची दुधाची बाटली असेल तर बसण्याआधीच सांगून ठेवा.