गाठींवर चाललेलं राज्य

प्रश्न : एका प्रश्नमंजूषेत विचारलं होतं, 'लिपी, चाक आणि घोडा यांतलं काहीच नसलेलं मोठं साम्राज्य कोणतं?' उत्तर छापलं होतं, इंका. पण लिहिताच येत नसेल तर एवढ्या राज्याचा हिशेब ठेवायचा कसा? उत्तर बरोबर आहे का?

उत्तर : गुण द्यायला हरकत नाही. पण अशा प्रश्नांत काय नव्हतं तेवढंच पाठ होतं आणि काय होतं ते राहून जातं, म्हणून मला ते फारसे आवडत नाहीत.

दक्षिण अमेरिकेतल्या या इंकांकडे होता किपू. एक आडवी जाड दोरी, तिला लोंबणाऱ्या सुती किंवा लोकरी दोऱ्या आणि त्यांवर गाठी. मांडणी दशमान : दोरीच्या मोकळ्या टोकाशी एकक, त्याच्या वर दशक, त्याच्या वर शतक. २०३ नोंदवायचे तर वर दोन साध्या गाठी, खाली तीन वेढ्यांची एक लांब गाठ आणि दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. ते 'काहीच नाही' म्हणजे शून्य! माझा जीव जडलाय तो त्या रिकाम्या जागेवर. लेलंड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने ही अंकपद्धत १९१२ मध्ये उलगडून दाखवली.

हिशेब तर हवाच होता. नाणी नव्हती, कर भरायचा तो श्रमाने. कुठल्या गावात माणसं किती, कामावर कोणाची पाळी, सरकारी कोठारात मका किती, हे सगळं किपूकामायोक नावाचे अधिकारी गाठींत ठेवत. निरोप चास्की नेत. हे धावपटू ठरावीक अंतरावर दुसऱ्याच्या हाती निरोप सोपवत, त्यामुळे घोड्यावाचून डाक अडली नाही.

चाकाचं म्हणाल तर अँडीज पर्वताच्या चढावर त्यांच्या रस्त्यांना चक्क पायऱ्या होत्या. लामा हा तिथला प्राणी पाठीवर ओझं नेतो, पण गाडा ओढत नाही. मग चाक लावायचं कशाला?

१५३२ मध्ये काहामार्का इथे पिसारो या स्पॅनिश सेनानीने इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं. पुढे स्पॅनिश अमलात १५८३ च्या लिमा इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने किपू नष्ट करण्याचा हुकूम काढला. गंमत अशी, की स्पॅनिश न्यायालयांत किपू वाचून दिलेल्या साक्षी नोंदवल्या जात होत्या. गाठींमध्ये आकड्यांपलीकडे वंशावळी, हकिकती होत्या का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तेव्हा प्रश्न मी काढला असता, तर 'लिपी'च्या जागी 'कागद' घातला असता.