बायकांची मजुरी कमी, मग निर्यातीला फायदाच ना?

प्रश्न : भांडुपला माझं छोटं गारमेंट युनिट आहे. माल बाहेर जातो. मशीनवर पुरुष, धागे कापायला बायका. त्यांची मजुरी कमी, म्हणून तर भाव परवडतो. यात बिघडलं कुठे?

उत्तर : तुमचा हिशेब अगदीच खोटा नाही. निर्यातीवर चालणाऱ्या काही देशांत स्त्री-पुरुष मजुरीतली दरी मोठी होती तेव्हा वाढही जोरात झाली, असं अर्थतज्ज्ञ स्टेफनी सेगिनो यांनी २००० साली दाखवलं होतं. स्वस्त हातांनी डॉलर आणले, डॉलरनी यंत्रं आणली.

आता दुसरी बाजू बघा. २०१३ च्या एप्रिलात ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. त्यात बायकाच अधिक. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सगळ्यांना कामावर बोलावलं. नाही म्हणायची सोय नसलेल्या बाईची मजुरी स्वस्त पडते ती अशी. दोन महिन्यांत अमेरिकेने बांगलादेशी मालाला असलेली आयात-शुल्कातली सवलत थांबवली. गंमत म्हणजे तयार कपडे त्या सवलतीत जवळपास नव्हतेच. फटका बसला तो दुसऱ्याच मालाला.

आणि तुमच्याकडे पाच-सहा वर्षं धागे कापणारी जी बाई असेल, ती शिवणीतली चूक मास्तरच्या आधी पकडते. तिला ओव्हरलॉकवर बसवून बघा की!

प्रश्न : डोंबिवलीहून भाजणी, मसाले दुबईला पाठवायचेत. आयात-निर्यात कोड मिळाला, पण बँक तारण मागते. फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे.

उत्तर : कोडची फी सगळ्यांना सारखीच, ५०० रुपये. अडतं ते पुढे, तारणापाशी, कारण मालमत्ता बाईच्या नावावर बहुधा नसते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत १९९४ मध्येच वाटा दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. पण हक्कसोडपत्रावर सही करून माहेर राखणाऱ्या बहिणी घरोघरी आहेत. तुम्ही उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा आणि बँकेत ‘सीजीटीएमएसई’ या छोट्या उद्योगांच्या कर्जाची हमी घेणाऱ्या निधीच्या हमीवर विनातारण कर्ज मागा. नाव घेऊन मागा, आपणहून कुणी सांगत नाही. पुढचं घर तुमच्या एकटीच्या नावे घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे.

प्रश्न : अंधेरीत आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, चाळीस माणसं. परदेशी गुंतवणूकदार विचारतो, संचालक मंडळात बाई आहे का? बायकोचं नाव घातलं तर चालेल?

उत्तर : घाला, पण वहिनींना ताळेबंद वाचायला द्या आधी. महिला संचालकाची सक्ती शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या पब्लिक कंपन्यांना आहे, तुम्हाला नाही. दहा किंवा अधिक माणसं असली की अंतर्गत तक्रार समिती मात्र कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने लागतेच. गुंतवणूकदाराचा वकील पगारपत्रक आणि त्या समितीची फाइल मागेल. शेवटची बैठक कधी झाली होती?