उभं राहिल्यावर शंटमधून जास्त पाणी वाहतं का?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या मेंदूत पाणी साठायचं, म्हणून शंट, म्हणजे ते पाणी पोटात सोडणारी व्हॉल्व्ह लावलेली नळी, बसवला आहे. ती उभी राहिली की सगळं पाणी एकदम पोटात उतरत नाही ना? व्हॉल्व्हला कसं कळतं?

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. व्हॉल्व्हला फक्त दाबातला फरक कळतो. कानामागे बोटाला लागणाऱ्या त्या उंचवट्यात, बऱ्याच प्रकारांत, माणकाची बारीक गोळी स्प्रिंगने दाबून धरलेली असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गोळी केसभर उचलली जाते आणि पाणी सरकतं. दाब उतरला की वाट बंद.

उभं राहिल्यावर मात्र नळीतला पाण्याचा स्तंभच खाली ओढतो. मी पालकांना पाण्याने भरलेली लांब नळी उभी धरून, दोन्ही टोकांवरची बोटं काढून दाखवते; मग वेगळं समजवावं लागत नाही. ही ओढ अडवणारा भाग अनेक शंटना जोडलेला असतो. तुमच्या मुलीच्या शंटला आहे का, हे सर्जनना जरूर विचारा. उभं असताना डोकं दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं, असं ती म्हणाली तर लगेच दाखवा.

व्हॉल्व्हचं सेटिंग चुंबकाने बाहेरून बदलता येणारं असेल, तर एमआरआयनंतर ते तपासून घ्याच. टॅबलेटच्या कव्हरमधलं चुंबकही डोक्यापासून लांब ठेवा.