विविधतेचं प्रतिनिधित्व?

'या लष्करी चरित्रपटात विविधतेचं प्रतिनिधित्व नीट झालेलं नाही.' एका समीक्षेतलं हे वाक्य, आणि त्यातला 'प्रतिनिधित्व' हा शब्द बरोबर आहे का, हा प्रश्न. मला तो तिथे खटकतो.

एकाच्या जागी ठेवलेला दुसरा, तो प्रतिनिधी. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना 'प्रतिनिधी' हे पद दिलं, ते छत्रपतींच्या वतीने कारभार पाहण्यासाठी. आमदार मतदारसंघाचं प्रतिनिधित्व करतो, खेळाडू देशाचं. कोणीतरी नेमलेलं किंवा निवडलेलं असतं, आणि मागे माणसं उभी असतात. विविधता कोणाला नेमत नाही. ('वैविध्यता' तर लिहूच नये, 'वैविध्य' हेच भाववाचक नाम आहे, त्याला पुन्हा '-ता' कशाला?)

इंग्रजीत दाखवणं आणि वतीने बोलणं या दोन्हींसाठी 'representation' हा एकच शब्द चालतो. त्याला सरसकट 'प्रतिनिधित्व' हा प्रतिशब्द दिला की मराठीत सहज वेगळ्या राहणाऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. २०२० साली गुंजन सक्सेना यांच्यावरचा चरित्रपट आला. १९९९ च्या कारगिल युद्धात त्यांनी चीता हेलिकॉप्टर चालवलं होतं. हवाई दलाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहिलं, की चित्रपटात दलाची प्रतिमा विनाकारण नकारात्मक रंगवली आहे. ही तक्रार चित्रणाबद्दलची. उधमपूरला त्यांच्याबरोबरच नेमणूक झालेल्या वैमानिक श्रीविद्या राजन यांनी वेगळाच मुद्दा मांडला: त्या तळावर गुंजन एकट्याच महिला होत्या असं दाखवलंय, आम्ही दोघी होतो. इथे प्रश्न चित्रणाचा नाही, स्थानाचा आहे. एका बाईला कथेत जागाच मिळाली नाही. दोन्हींना 'प्रतिनिधित्व' म्हटलं तर कोणाचं काय म्हणणं होतं तेच कळणार नाही.

हवाई दलातल्या व्यक्तीवरच्या चित्रपटाला 'लष्करी' म्हणतानाही मी अडखळतो. 'लष्कर, नौदल आणि हवाई दल' असं आपण लिहितो, तेव्हा लष्कर म्हणजे भूदल. तिन्ही दलं धरायची तर 'सैनिकी' बरा.

मात्र एका ठिकाणी 'प्रतिनिधित्व' या शब्दाचं कुळ अगदी चपखल बसतं. अशा चित्रपटांतलं ओळखीचं दृश्य घ्या: खंदकात नायकाभोवती चार जवान बसलेत. पगडीवाला सगळ्यांना हसवतो, दक्षिणेकडचा अडखळत हिंदी बोलतो, ईशान्येकडचा नुसता मान हलवतो, चौथा घरून आलेलं पत्र वाचतो. चित्रपट संपला तरी एकाचंही नाव आठवत नाही. हा माणूस अमुक गावचा, अमक्याचा मुलगा असं काही नाही. एका अख्ख्या समाजाच्या जागी एक ठेवलेला. ही खरोखर प्रातिनिधिक पात्रं आहेत, आणि माझी तक्रार नेमकी त्यालाच आहे. खऱ्या माणसाच्या आयुष्यावरच्या चित्रपटात त्याच्या शेजारी लढलेली माणसंही खरीच असतात. त्यांना नाव आणि चार वाक्यं मिळायला हवीत.

मी ते वाक्य असं लिहिलं असतं: 'या चरित्रपटात वेगवेगळ्या प्रांतांतले सैनिक दिसतात, पण नायकाखेरीज कोणाचीच ओळख होत नाही.'